पेतिंगचं अपुरं वर्ष

सांगा मला, बाप गेल्यावर लेकीनं माहेरी किती दिवस थांबायचं, हे ठरवायचं कुणी? आईनं? गावानं? की सॅक्रामेंटोच्या काचेच्या इमारतीत बसलेल्या, त्या बापाचं नावही नीट उच्चारता न येणाऱ्या माणसानं?

पटकन उत्तर देऊ नका. तुम्ही म्हणाल, लेकीनं स्वतः ठरवावं. मग पेतिंगचं ऐका आणि पुन्हा सांगा.

कागदावर तिचं नाव पर्पेतुआ दुम्लाव. इथं कॅलिफोर्नियात, स्टॉक्टनमध्ये हे नाव कुणी घेत नाही, सगळ्यांची ती पेतिंग. बुटकी, मनगटं बाप्याची, हसताना तोंडावर हात धरते कारण वरचा एक दात नाही. तिकडं फिलिपिन्समध्ये, इलोकोसला बापाच्या शेतावर लसणाच्या वेण्या घालत मोठी झाली. इथं सहा म्हाताऱ्यांच्या एका केअर होममध्ये कामाला लागली आणि तिथल्या बायकांचे केस त्याच हातानं, त्याच वेगानं विंचरून वेण्या घालायला लागली. तिथली एक आजी मला म्हणाली होती, ही पोरगी केसांना हात लावते तेव्हा आपण बाजारात विकायला निघालोय असं वाटतं, पण छान वाटतं.

नवरा दुलो. इथं स्थायिक झालेल्या त्याच्या वडिलांनी लेकाला बोलवायला खूप वर्षांपूर्वी अर्ज टाकला होता. त्या अर्जाचा नंबर लागेपर्यंत दुलोचे केस पांढरे झाले. मग दोघं ग्रीन कार्ड घेऊन आले. पोरबाळ नाही. तो ट्रकचे टायर बदलतो आणि जगात कुणाशीही भांडत नाही, हा त्याचा एकमेव दोष.

मी पेतिंगला पहिल्यांदा पाहिलं ते चर्चमागच्या हॉलमध्ये. तिथं दर रविवारी प्रार्थनेनंतर मी टेबल मांडून बसते, नागरिकत्वाचे अर्ज भरून देते. मी वकील नाही. सहावीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं अ‍ॅस्परॅगसच्या पॅकिंग शेडमध्ये मुकादमांशी भांडता भांडता शिकले. अडलं की वकीलबाईंना गाठते. त्याही दर रविवारी येतात आणि आमच्याकडून जेवणाशिवाय काही घेत नाहीत. मला इथं सगळे मानांग इग्ना म्हणतात. मानांग म्हणजे थोरली बहीण. थोरली आहे म्हणून म्हणतात, गोड आहे म्हणून नाही.

पेतिंग त्या दिवशी रांग मोडून थेट पुढं आली.

"मानांग, आईला आणायला काय लागतं?"

"तू नागरिक असावं लागतं. ग्रीन कार्डावर आई येत नाही."

"आणि नागरिक व्हायला?"

"पाच वर्षं इथं राहायचं. नीट. मधे लांब कुठं जायचं नाही."

"मग झालंच की. मी कुठं जातेय?"

आणि रांगेत मागं उभ्या असलेल्यांची माफी न मागता निघून गेली. मला ती त्याच क्षणी आवडली.

आईची ती एकुलती एक. पण मी तुला इकडं आणणार आहे, हे तिनं आईला कधी सांगितलं नाही. मी विचारलं, का गं? म्हणाली, "सांगितलं तर आधी नाही म्हणेल, मग गावभर सांगेल, मग परत नाही म्हणेल. कागद हातात आल्यावर सांगीन. तेव्हा एकदाच नाही म्हणेल."

चार वर्षं बरी गेली. पाचवं लागलं आणि जानेवारीच्या शेवटी गावाकडून फोन आला, बापाला अर्धांगवायू झाला. पेतिंगनं एकोणतीस तारखेचं विमान पकडलं. केअर होमच्या मालकीणबाई, मॅडम काबिगतिंग, खत्रूड बाई, पण पेतिंगला म्हणाल्या, तुझी जागा तुझीच राहील, बापाला बघून ये. जायच्या आदल्या दिवशी पेतिंग हॉलमध्ये आली. मी बोट नाचवून सांगितलं, "सहा महिन्यांच्या आत परत ये. सहा महिने ओलांडलेस की सरकार धरून चालतं की तू इथलं बिऱ्हाड मोडलंस. मोडलं नाही हे सिद्ध करायचं काम मग तुझ्या डोक्यावर. आणि वर्ष ओलांडलंस तर सिद्ध करायलाही काही उरत नाही. परत आल्यावर घड्याळ नव्यानं. पाच नाही, पण चार वर्षं आणि वर एक दिवस."

"मानांग, महिन्याभरात येते."

चौदा फेब्रुवारीला बाप गेला.

पुढं मी दुलोला विचारत राहिले. जूनमध्ये म्हणाला, येते. ऑगस्टमध्ये म्हणाला, आईला एकटीला सोडवत नाही, येते. ऑक्टोबरमध्ये लसणाची लागवड निघाली. नंतर त्यानं चर्चमधून बाहेर पडायला बाजूचं दार वापरायला सुरुवात केली. मला कळत नाही असं त्याला वाटलं. त्या वर्षी पॅकिंग शेडच्या पगारावरून आमचा संप चालू होता, मी दिवसाला चार माणसांवर ओरडत होते, दुलोसाठी गळा शिल्लक नव्हता.

मग जानेवारी आला. बाळ येशूचा सण होता, हॉल गच्च भरलेला, स्वयंपाकघरात बायका लुंपियाचे रोल तळत होत्या. दुलो स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात ताट, ताटात केळीच्या पानात भाजलेली तांदळाची तुपिग, चेहऱ्यावर असं हसू की मला वाटलं लॉटरी लागली.

"मानांग, पेतिंग येतेय. तिकीट काढलं."

"कधीचं?"

"तेरा फेब्रुवारी. सकाळी वाक्सी, संध्याकाळी लाओआगहून मनिला, तिथून रात्री मोठं विमान. मी स्वतः मोजलंय, मानांग. बरोब्बर वर्षाच्या आत बसतं."

वाक्सी म्हणजे आमच्याकडं वर्ष भरताना काळे कपडे उतरवायचा विधी. आधी नऊ दिवस प्रार्थना, शेवटी डुक्कर कापून गावजेवण, आणि मग घरातल्या बायका काळं उतरवतात.

"दुलो, ती इथून कधी गेली?"

"बाबा चौदाला गेले ना. म्हणजे चौदा ते तेरा."

"मी बाबांचं विचारत नाही. विमान कधी सुटलं?"

तो तुपिग चघळायचा थांबला. "जानेवारीत."

"जानेवारीत कधी?"

"एकोणतीस."

मी बोटांवर दिवस मोजले. ओरडले नाही म्हणून तो घाबरला, कारण मी ओरडत नाही असं होत नाही.

इथंच आमची माणसं फसतात, आणि मूर्ख आहेत म्हणून फसत नाहीत. ज्या घरात माणूस जातं त्या घरात वर्ष त्या दिवशी सुरू होतं. त्या दिवसापासून नऊ दिवस, त्या दिवसापासून चाळीस, त्या दिवसापासून बारा महिने. स्वयंपाकघरातलं कॅलेंडरसुद्धा त्या दिवसापासून वाचतात. पेतिंग बापाच्या उशाशी बसून होती ते दिवस तिच्या मोजणीत कुठं बसणार? तेव्हा बाप जिवंत होता. सरकारच्या मोजणीत मात्र वर्ष सुरू झालं ते विमानाचं चाक इथल्या जमिनीवरून उचललं तेव्हा.

"फोन लाव," मी म्हटलं.

"मानांग, तिकडं आत्ता सोमवारची सकाळ आहे, ती कामात..."

"दुलो, फोन लाव."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो कारण हॉलमध्ये बँड सुरू झाला होता. पडद्यावर पेतिंग आली. काळा झगा, डोक्याला काळा रुमाल, मागं अंगण, अंगणात तिची आई नानांग इपांग कोंबड्यांना दाणे टाकत होती. नानांग म्हणजे आई. तीही डोक्यापासून पायापर्यंत काळी.

"पेतिंग, तिकीट बदल. अठ्ठावीसच्या आत तुझा पाय इथं लागला पाहिजे."

"असं कसं, मानांग? वाक्सी आहे."

"वाक्सी तेराला. तुझं वर्ष एकोणतीसला संपतं."

"बाबांचं वर्ष चौदाला संपतं."

"सरकारला तुझ्या बाबांशी काही घेणंदेणं नाही."

तिनं डोक्यावरचा रुमाल पुढं ओढला. मग अगदी हळू म्हणाली, "मग मलाही सरकारशी नाही. राहू दे ते नागरिकत्व."

मागं लुंपिया तळणारी एक बाई म्हणाली, "मानांग इग्ना, भांडण बाहेर न्या, माझं तेल करपतंय." मी तिला हातानंच थांबवलं. तिनंही गॅस बारीक केला आणि झारा हातात घेऊन ऐकत उभी राहिली.

तेवढ्यात पडद्यात नानांगचं तोंड घुसलं. "कोण आहे गं? त्या भांडकुदळ बाईचा आवाज येतोय."

"मीच आहे, नानांग."

"मग ऐक. माझी लेक काळ्या कपड्यांत समुद्र ओलांडणार नाही. काळ्यात निघालेल्या बाईच्या मागं दुसरं मरण जातं. माझ्या चुलतीच्या मागं गेलं होतं."

"नानांग, ती आत्ता आली नाही तर पुन्हा चार वर्षं."

"असू देत चार. तिला कसली घाई?"

पेतिंग आईच्या खांद्यामागून मला हातानं नको नको करत होती. दिसलं मला. पण माझं डोकं एकदा तापलं की मला हात दिसतात, त्यांचा अर्थ लागत नाही.

"घाई तिला तुमची आहे, नानांग. ती हे सगळं करते ते तुम्हाला इकडं आणायला. ग्रीन कार्डावर आई येत नाही, नागरिक व्हावं लागतं. तुम्ही आज एकोणऐंशीच्या. त्यात चार मिळवा. त्यावर तुमचे कागद चालायला लागतील ते वेगळं."

नानांगनं हातातले दाणे तिथंच टाकून दिले.

"मला न्यायला?" नानांग म्हणाली. "मला कुणी विचारलं?"

"म्हणूनच नव्हतं सांगितलं," पेतिंग म्हणाली.

"मी म्हटलं का मला यायचंय? त्या थंडीत? त्या टायरवाल्याच्या घरात?"

दुलो माझ्यामागं आणखी बारीक झाला.

"म्हटलं नाहीस. तू काहीच म्हणत नाहीस. मी इथं नव्हते तेव्हा मोरीत पडलीस ते मला शेजारणीनं सांगितलं."

"तुझ्या बाबांच्या थडग्यावरचं गवत कोण काढील?"

"आणि तू पडलीस तर तुला कोण उचलील? कोंबड्या?"

मग दोघी इतक्या वेगानं बोलायला लागल्या की मलाही सगळं कळेना. शेवटी नानांगनं फोन हिसकावला, पडद्यावर एक कोंबडी उलटी दिसली आणि सगळं काळं झालं.

झारावाली बाई म्हणाली, "आता येत नाही ती."

दुलो ताट घेऊन तसाच उभा होता. "मानांग, तुम्ही तिला नको ते सांगितलंत."

आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी भांडला. मला खरं तर बरं वाटलं.

मग काही दिवस तिकडून फोन उचलला गेला नाही. दुलो रोज कामावरून थेट माझ्या दारात यायचा आणि पायरीवर बसायचा. मी त्याला भात वाढायचे, तो खायचा. मला चीड यायची ती कॅलेंडरची. सहा महिन्यांची रेघ तिनं आधीच ओलांडली होती, त्याचं काय करायचं ते करू. पण वर्षाची रेघ म्हणजे भिंत. तिच्यापुढं माझाही आवाज चालत नाही.

तिकडं काय झालं ते पेतिंगनं मला नंतर सांगितलं.

फोन बंद केल्यावर नानांग दिवसभर अंगण झाडत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी छत्री घेतली आणि आपो कोलासकडं गेली. आपो कोलास म्हणजे गावात प्रार्थना सांगणारा म्हातारा. नव्वदीचा, कानानं बहिरा, पण मेलेल्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. पेतिंग मागं मागं गेली. नानांग त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली, "वाक्सी अलीकडं ओढता येते का?"

आपो कोलास म्हणाला, "मेलेल्याचं वर्ष कमी करता येत नाही. त्याच्याकडं आता तेवढंच आहे."

नानांग उठायला लागली.

"बस," तो म्हणाला. "तुझ्या घरात काळं किती जणी नेसतात?"

"दोघी."

"का?"

"का म्हणजे? मी बायको, ही लेक."

"घरात एकीनं वर्ष पुरं केलं तरी मेलेल्याला पुरतं. बाकीच्या नेसतात त्या गावाला दिसावं म्हणून."

पेतिंग सांगते, आई परत येताना वाटेत तीनदा थांबली आणि तीनदा म्हणाली, "हे त्यानं मला वर्षापूर्वी सांगायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लेकीला नदीवर नेलं. भाताचा पेंढा जाळून त्याच्या राखेच्या पाण्यानं तिचे केस धुतले, जसे माणूस पुरल्यावर धुतात तसे. वरून उसाच्या दारूचा एक हात. मग पेतिंगच्या डोक्यावरचा काळा रुमाल सोडला, आपल्या रुमालावर बांधला आणि म्हणाली, "तुझं काळं आता माझ्यावर. वाक्सीपर्यंत दोघींचं मी नेसते. तुझ्या मागं काही यायचं असेल तर आधी मला ओलांडून जाईल. जा."

पेतिंग रडायला लागली तर नानांग म्हणाली, "रडू नकोस, केस परत धुवावे लागतील. आणि यायचं की नाही ते मी ठरवीन. ते तू ठरवायचं नाहीस आणि ती भांडकुदळ तर नाहीच."

त्या रात्री दुलोचा फोन वाजला. दुलो पायरीवरून उठला तो चप्पल न घालता.

तिकीट बदलताना काय काय झालं ते विचारू नका. सणानंतर सगळे परत निघालेले, लाओआगच्या विमानात जागा नाही. पेतिंग मनिलापर्यंत बसनं गेली, सगळा दिवस आणि वर थोडी रात्र. वाटेत एका घाटात बस बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, दुसरी बस येईल. पेतिंग रस्त्यात उभी राहिली आणि भाजीचा ट्रक थांबवला. भोपळ्यांवर बसून बंदरापर्यंत, तिथून भाड्याच्या जीपनं, तिथून दुसरी बस. विमानतळावर पोचली तेव्हा तिच्या अंगाला भोपळ्याच्या वेलीचा वास येत होता, असं तिनंच सांगितलं, आणि सांगताना दात न झाकता हसली.

सत्तावीस तारखेला ती सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. मी आणि दुलो बाहेर उभे. इतर प्रवासी आले, गेले, सामानाच्या गाड्या रिकाम्या झाल्या, पेतिंग नाही. मला ठाऊक होतं काय चाललं असेल. इतके महिने बाहेर राहिलेल्या माणसाला बाजूच्या खोलीत बसवतात आणि विचारतात, तू इथं राहतेस की इथं येतेस? दुलो पांढरा पडला होता. मी त्याला म्हटलं, "वर्ष भरलेलं नाही. कार्ड चालू आहे. तिला बोलता येतं. गप्प उभा राहा."

दार उघडलं. निळा फुलाफुलांचा झगा, विस्कटलेले केस, आणि तोंड रागानं लाल.

"काय म्हणाले?" मी धावलेच.

"लसूण काढून घेतला."

"पेतिंग, कार्डाचं काय म्हणाले?"

"कार्ड दिलं परत. पण मानांग, बाबांच्या शेतातला लसूण होता. वेणीसकट काढून घेतला."

मी तिला मिठी मारली आणि पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले नाही.

अर्ज भरला. पाच वर्षं झाली होती, पण मधे ते अकरा-बारा महिन्यांचं भोक. वकीलबाईंनी कागद जमवले. मॅडम काबिगतिंगचं पत्र की हिची नोकरी ठेवलेली होती आणि आल्यावर ती कामावर लगेच आली. घराचं भाडं, दुलोचा पगार, दोघांच्या नावानं भरलेला टॅक्स. हिनं तिकडं एक दिवसही पगाराची नोकरी केली नव्हती, तेही लिहिलं. बाई म्हणाल्या, बरं आहे, पण बरं आहे म्हणजे झालंच असं नाही. सरकार धरून बसलंय की बिऱ्हाड मोडलं. ते उलटवायचंय.

मी पेतिंगला बजावलं, "विचारलं तेवढंच सांग. वाक्सी, राख, रुमाल, कोंबड्या, काही काढू नकोस. त्यांना ते कळणार नाही. त्यांना वाटेल हिचं सगळं तिकडंच आहे."

"बरं."

केअर होममधले मिस्टर हॅलोरन तिची नागरिकत्वाच्या प्रश्नांची परीक्षा घ्यायचे. रेल्वेत आयुष्य गेलेला माणूस, गुडघे गेलेले, आवाज इंजिनाचा. पेतिंग गावी होती तेव्हाही त्यांना फोन करायची, नाहीतर ते गोळ्या घेत नसत. आता ती त्यांची चादर बदलत असताना ते ओरडून विचारायचे, "सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती?" आणि ती उशी झटकत उत्तर द्यायची. चुकली की ते म्हणायचे, "परत पाठवा हिला." बरोबर आलं की म्हणायचे, "ठेवा."

मुलाखतीला सॅक्रामेंटोला दुलोच्या पिकअपमधून गेलो. आत ती आणि वकीलबाई. आम्ही पार्किंगमध्ये. ऊन मरणाचं. दुलोनं गाडीचे चारही टायर तपासले, मग शेजारच्या गाडीचे तपासले. मी मनातल्या मनात त्या अधिकाऱ्याशी भांडत होते आणि जिंकत होते.

बाहेर आल्या तेव्हा वकीलबाई नुसत्या पेतिंगकडं बघत होत्या.

"काय झालं?" मी म्हटलं.

"तुम्ही रागवाल," पेतिंग म्हणाली.

"तू रुमालाचं काढलंस."

"काढलं."

तर झालं असं. प्रश्न सगळे बरोबर आले. वाचून दाखवलं, लिहून दाखवलं. मग त्या अधिकारी बाईनं चष्मा काढला आणि विचारलं, वडील फेब्रुवारीत गेले. पुरले मार्चच्या आधी. तुम्ही परत जानेवारीत. मधले महिने तुम्ही काय करत होता?

वकीलबाईंनी आईचं वय, आईची तब्येत, असं सांगायला सुरुवात केली. पेतिंग मधेच म्हणाली, "शोक पाळत होते. आमच्यात वर्षभर काळं नेसून घरी बसतात. वर्ष झालं की उतरवतात."

वकीलबाई म्हणतात, त्यांनी टेबलाखालून हिला लाथ मारली.

अधिकारी बाई म्हणाली, "घरी म्हणजे तिथं. म्हणजे तुमचं घर तिथं आहे, असंच ना?"

मी तिथं असते तर खुर्ची फेकली असती. पेतिंगनं काय केलं? तिनं विचार केला. ती म्हणते, मानांग, प्रश्न चांगला होता, मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

मग ती म्हणाली, "माझं घर तिथं असतं तर मी वर्ष पुरं केलं असतं. सगळं गाव पुरं करतं. मी दोन आठवडे उरले असताना निघाले. वाक्सीला मी नव्हते. गावजेवणाला माझी जागा रिकामी होती. माझं काळं माझ्या आईला माझ्या वाटचं नेसावं लागलं. कारण माझा नवरा इथं आहे, माझं काम इथं आहे, आणि इथं एक म्हातारा आहे तो माझ्याशिवाय गोळ्या घेत नाही. बाबांचं वर्ष मी अपुरं सोडून इथं आले, बाई. आपलं घर नसेल तिथं यायला असं कुणी करत नाही."

बाईनं चष्मा परत घातला. कागद उलटले. भाड्याचे, टॅक्सचे, नोकरीचे, सगळे पुन्हा एकदा. मग पेतिंगला विचारलं, "आईनं दोन रुमाल एकावर एक बांधले?"

"हो."

"किती दिवस?"

"तेरा फेब्रुवारीपर्यंत."

बाईनं शिक्का ओढला.

पार्किंगमध्ये हे सांगून झाल्यावर पेतिंग मला म्हणाली, "रागवलात?"

जे लपवायला मी सांगत होते तेच तिनं टेबलावर ठेवलं आणि त्यानंच उलटवलं. मी म्हटलं, "रागवलेय. गाडीत बस." दुलो गाडी चालवत होता आणि रडत होता आणि दोन्ही नीट जमत नव्हतं, म्हणून पुढं मी चालवली.

शपथ झाली. मिस्टर हॅलोरनना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. सगळे हात वर करून उभे राहिले तेव्हा त्यांनीही हात वर केला. मी म्हटलं, तुम्ही जन्मापासून नागरिक आहात. म्हणाले, परत घेतली तर काय बिघडलं?

त्याच आठवड्यात नानांगचा अर्ज टाकला. ती एकदा नाही म्हणाली. पेतिंगनं सांगितलं होतं तसंच, एकदाच. पण अर्ज चाललाय, बोलावणं यायचंय, आणि ती आता ऐंशी पार करून गेलीय, म्हणून दुलोनं मागची खोली आधीच रंगवून ठेवलीय. पिवळी. नानांगनं व्हिडिओवर बघितली आणि म्हणाली, कोंबड्यांचा रंग आहे.

परवा तिचा मला थेट फोन आला. लेकीला वगळून.

"ए भांडकुदळ, तिकडं आल्यावर मी इकडं परत किती दिवसांसाठी येऊ शकते? वर्षातून एकदा पेतिंगच्या बापाला पान वाढायला यायचंय. आणि लसूण काढायला. चार महिने चालतील का? सात?"

"नानांग, सात नको. चार चालतील. आणि मोजायचे ते विमानाचं चाक उचलल्यापासून. पान वाढलं त्या दिवसापासून मोजायचे नाहीत."

"हे त्या कोलाससारखं झालं," ती म्हणाली. "आधी सांगायचं असतं." आणि फोन ठेवून दिला.

बरोबर आहे तिचं. म्हणून तुम्हाला आधी सांगतेय. तुमच्या ओळखीत ग्रीन कार्डवालं कुणी आत्ता गावी असेल, आजाऱ्याच्या उशाशी, लग्नाच्या घाईत, नाहीतर काळ्या कपड्यांत, तर हे वाचून बाजूला ठेवू नका. उठा, त्यांना फोन लावा आणि एवढंच विचारा की इथून विमान कोणत्या तारखेला सुटलं होतं. उत्तर ऐकून बोटांवर महिने मोजायची वेळ आली तर रविवारी प्रार्थनेनंतर मागच्या हॉलमध्ये या, आणि रांग मोडून थेट माझ्यासमोर उभे राहा.